विष सापडलं नाही, तरीही फाशी

१३ नोव्हेंबर १९५६. पुण्याहून रात्री निघालेली पॅसेंजर पहाटे पाचनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला लागली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक बाई बेशुद्ध पडली होती. तिच्यासोबतचा माणूस डॉक्टर होता. त्याने तिला गोकुळदास तेजपाल, म्हणजे मुंबईकरांच्या जी. टी. हॉस्पिटलात नेलं. पावणेसहाला ती दाखल झाली आणि साडेअकराला गेली.

हॉस्पिटलच्या कागदावर तिचं नाव लागलं ‘इंदुमती पौनशे’. पत्ता डॉक्टरांचा. प्रत्यक्षात ती होती लक्ष्मीबाई कर्वे, पुण्याच्या शुक्रवार पेठेतली, घरदार आणि पैसा राखून असलेली विधवा. इंदू हे तिचं माहेरचं नाव आणि पोंक्षे हे माहेरचं आडनाव. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या बाईची नोंद माहेरच्या नावाने, तीही अक्षरं बदलून झाली. कर्वे नावाने चौकशी करत कोणी हॉस्पिटलात आलंच असतं, तरी त्याला ती सापडली नसती.

तिला घेऊन येणारे होते डॉ. अनंत चिंतामण लागू. ते कर्व्यांचे घरचेच डॉक्टर. १९४५ साली लक्ष्मीबाईंचे पती प्लुरसीने वारले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत लागू होते. पुढे लक्ष्मीबाईंना क्षयाने गाठलं, मधुमेहही होता, औषधपाणी लागूंकडेच. ते राहायलाही त्यांच्याच घरात होते. त्या काळच्या पुण्यात घरचा डॉक्टर नुसता नाडी पाहून जात नसे. कुणाचं कुणाशी पटत नाही, पैसे कुठल्या बँकेत आहेत, शेअर्सची कागदपत्रं कुठे असतात, हे सगळं त्याला ठाऊक असे. लक्ष्मीबाईंचा लागूंवर विश्वास होता. मुंबईच्या एका नामांकित डॉक्टरांना प्रकृती दाखवायची, म्हणून त्या त्यांच्याबरोबर गाडीत बसल्या.

हॉस्पिटलात पुढे जे घडलं, त्याचा कोर्टात अक्षरशः तासातासाने हिशेब झाला. गाडीत अचानक शुद्ध हरपली, असे झटके पूर्वीही आले आहेत, असं लागूंनी सांगितलं. सांगणारा डॉक्टर, त्यामुळे ऐकणाऱ्या डॉक्टरने ते लिहून घेतलं. लघवीत साखर सापडली आणि उपचार मधुमेहाच्या दिशेने सुरू झाले. सकाळी फेरीला आलेल्या मानद फिजिशियनना मात्र शंका आली. मधुमेहाच्या बेशुद्धीत श्वास खोल आणि जोरात चालतो, लघवीत ॲसिटोन उतरतं. त्यांना ती लक्षणं दिसेनात. रोगी दगावली तर शवविच्छेदन करा, असं त्यांनी बजावलं. रोगी दगावली, पण शवविच्छेदन झालं नाही. कागदावरची ती सूचना खोडली गेली आणि मृत्यूचं कारण म्हणून मधुमेहाची बेशुद्धी लिहिली गेली. केसपेपरवर ॲसिटोनची जी नोंद होती, ती मागाहून घातलेली असल्याचं पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने मानलं.

लागू पुण्याला परतले. लक्ष्मीबाईंचा मुलगा हयात होता, नातेवाईक होते. कुणालाही कळवलं गेलं नाही. प्रेत घेऊन जा, असं हॉस्पिटलने कळवलं तेव्हा लागूंचं उत्तर आलं की बाईंचा भाऊ कलकत्त्याहून येऊन ताबा घेईल. असा भाऊ नव्हताच. शेवटी बेवारस प्रेत म्हणून लक्ष्मीबाईंचा देह विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ग्रँट मेडिकल कॉलेजात पोहोचला. तिथल्या एका शिपायाला गळ्यावर वळ असल्यासारखं वाटलं. त्याने ते वरिष्ठांना सांगितलं, म्हणून पोलीस आले आणि २३ नोव्हेंबरला, मृत्यूनंतर दहा दिवसांनी, शवविच्छेदन झालं. व्हिसेरा रासायनिक तपासणीला गेला. विष सापडलं नाही. गळ्यावरच्या खुणेतूनही काही निघालं नाही आणि हॉस्पिटलच्या कागदांच्या आधारे पुन्हा मधुमेहच कारण ठरला. पौनशे नावाच्या बाईची फाइल बंद झाली. या साऱ्या साखळीत डोळे उघडे ठेवून पाहिलं ते त्या फिजिशियनने आणि त्या शिपायाने.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाई कागदोपत्री जिवंत राहिल्या. नातेवाइकांना त्यांची पत्रं येऊ लागली. मी यात्रेला आहे, माझी काळजी करू नका. पुढे तर एका जोशी नावाच्या गृहस्थाशी आपण लग्न केलं असून राजस्थानात सुखाने राहतो आहोत, असंही पत्रांतून कळवण्यात आलं. ही सारी पत्रं बनावट होती. बाई दूर कुठेतरी आहे, आणि तिने समाजाला न रुचणारं पाऊल उचललंय, असं एकदा पसरलं की त्या काळी फारसं कुणी शोधायला जाणार नाही, हे लिहिणाऱ्याने ओळखलं होतं. एका विधवेच्या अब्रूचा असा वापर या प्रकरणातल्या इतर लबाडीइतकाच संतापजनक आहे. दरम्यान तिची बँकेतली रक्कम, शेअर्स आणि इतर चीजवस्तू एकेक करून लागूंच्या हाती जात होत्या.

नातेवाइकांचा संशय वाढत गेला, तक्रारी वरपर्यंत गेल्या, आणि मार्च १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रकरण दिल्लीला गेलं.

दिल्लीत प्रश्न असा होता की ज्या देहात विषच सापडलं नाही, त्या मृत्यूला विषप्रयोग म्हणायचं कसं?

विषाने केलेल्या खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाला साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. मृत्यू विषाने झाला, ते विष आरोपीजवळ होतं, आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली. इथे संधी स्पष्ट होती. रात्रभराचा रेल्वे प्रवास. पण विष कोणतं, ते कुठून आलं, याला उत्तर नव्हतं. न्या. एस. के. दास यांच्या आणि स्वतःच्या वतीने न्या. एम. हिदायतुल्ला यांनी निकाल लिहिला. हेच हिदायतुल्ला पुढे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या तीन कसोट्या महत्त्वाच्या आहेत, पण मागे खूण न ठेवणारी विषंही असतात आणि त्यांची माहिती डॉक्टरला असू शकते. प्रेत कुजलेलं असेल तर तपासणीत काही न सापडणं हा निर्दोषत्वाचा पुरावा होत नाही. अशा वेळी परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल, तर मृत्यूचं कारणही त्यावरून ठरवता येतं.

मग त्यांनी लागूंचं वागणं तपासलं. खोटं नाव, खोटा भाऊ, प्रेत बेवारस टाकणं, मृत्यू दडवणं, मेलेल्या बाईच्या नावाने पत्रं, आणि तिची मालमत्ता. रोगी नैसर्गिक मृत्यूने गेली असती, तर तिच्या जवळच्या डॉक्टरने पहिलं काम तिच्या घरी तार करण्याचं केलं असतं. बहुमताच्या मते हा बेत गाडीत बसण्याआधीच शिजलेला होता.

तिसरे न्यायाधीश, न्या. ए. के. सरकार, यांना हे पटलं नाही. लागूंची लबाडी त्यांना मान्य होती. पण लक्ष्मीबाईंचा मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झालेलं नाही, मधुमेहाची शक्यता उरतेच, आणि पैसे हडपण्याची बुद्धी मृत्यूनंतरही सुचलेली असू शकते, असं त्यांनी मांडलं. फाशीचा प्रश्न असताना हा आवाज उठला, हे चांगलंच झालं. पण दोन्ही बाजू वाचल्यावर बहुमताचं पारडं जड वाटतं, आणि त्याचं कारण पत्रं किंवा पैसे नाहीत. पहाटे हॉस्पिटलच्या टेबलाशी ती अजून जिवंत होती, तेव्हाच तिची खरी ओळख पुसली गेली होती. जिच्या वाचण्याची आशा आहे तिचं नाव दडवण्याचं कारणच काय?

डॉक्टरच खुनी निघण्याच्या घटना जगभर घडल्या. इंग्लंडमधल्या हाइड गावच्या डॉ. हॅरॉल्ड शिपमनला २००० साली पंधरा खुनांबद्दल जन्मठेप झाली, आणि नंतरच्या चौकशीत त्याचे बळी २१५ असल्याचं निष्पन्न झालं. तिथेही एका ८१ वर्षांच्या रुग्णाच्या बनावट मृत्युपत्रामुळेच तो अडकला. फरक इतकाच की त्या बाईचं प्रेत उकरून काढल्यावर डायमॉर्फिनच्या खुणा मिळाल्या. पुण्याच्या खटल्यात न्यायाधीशांना तो आधार नव्हता.

म्हणूनच लागू खटला वकिलांच्या तोंडी आजही असतो. मात्र त्याने विषाच्या प्रत्येक खटल्याला मोकळी वाट करून दिली असं नाही. १९८४ साली पुण्यातल्याच एका सुनेच्या विषमृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या काटेकोर लावल्या, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असं म्हटलं आणि आरोपीची फाशी रद्द करून त्याला सोडून दिलं. उलट १९८८ साली पंजाबातल्या एका खटल्यात, आरोपीजवळ विष होतं हे सिद्ध झालं नाही एवढ्यावरून त्याला निर्दोष ठरवता येणार नाही, असं याच न्यायालयाने सांगितलं, आणि त्यासाठी हवाला दिला तो १४ डिसेंबर १९५९ च्या निकालाचा. त्या दिवशी दोन विरुद्ध एक मतांनी डॉ. लागूंचं अपील फेटाळलं गेलं आणि फाशी कायम राहिली.