'वूडू' म्हणजे काय?

मंडळी, 'वूडू' म्हटले की टाचण्या टोचलेली बाहुली आठवते. आम्हांलाही सिनेमाने तीच दाखविली. मूळ शब्द 'व्होदून'. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी, म्हणजे आजचे बेनिन, तेथील फोन भाषेत त्याचा अर्थ देवता. तो समुद्रापार गेला साखळदंडातील गुलामांबरोबर, हैतीतल्या फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर. १६८५ च्या फ्रेंच फर्मानाने गुलामांना कॅथॉलिक करणे सक्तीचे केले. शिवाय निरनिराळ्या मालकांच्या गुलामांनी एकत्र जमायचे नाही! (जमावबंदी आम्हांस नवी नाही.) तरी ते रात्री जमत, पूजा करीत. १७९१ च्या बंडाची शपथ अशाच पूजेत घेतली गेली, असे हैतीत मानतात. १८०४ साली हैती स्वतंत्र झाले. गुलाम जिंकले हे गोऱ्या जगाला सोसेना. त्यांच्या देवांना चेटूक म्हणणे सोयीचे होते. खुद्द हैती सरकारने या धर्माला मान्यता दिली ती २००३ साली.