ओढा काठापाशी संपत नाही
गोड्या पाण्यातले मासे आणि ओढ्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मासे पाण्यात राहतात, म्हणून पाणी राखले की मासे राखले, असे आपण सहज धरून चालतो. नदी-ओढ्यांच्या बहुतेक योजना याच समजावर उभ्या असतात. पाण्याची तपासणी होते, गाळ काढला जातो, पात्र रुंद केले जाते आणि काठावरची झाडे मात्र हिशेबात येत नाहीत. हा हिशेब किती अपुरा आहे, हे जपानच्या शिगेरू नाकानो या अभ्यासकाने प्रयोगांनी दाखवून दिले. होक्काइदो बेटावर तोमाकोमाई येथे होक्काइदो विद्यापीठाचे संशोधनासाठी राखलेले जंगल आहे. त्यातून होरोनाई नावाचा झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारा छोटा ओढा जातो. 1990च्या दशकात नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ओढ्यावर केलेले काम आज जगभरच्या नदी-अभ्यासात पायाभूत मानले जाते. त्या कामाच्या आधारे काही रूढ समज तपासून पाहू.

गैरसमज 1 : ओढ्यातल्या माशांचे अन्न ओढ्यातच तयार होते.

वस्तुस्थिती : जंगलातल्या ओढ्यात माशांचे बरेचसे अन्न वरून पडते. झाडांच्या फांद्यांवरून अळ्या, मुंग्या, भुंगे, नाकतोडे सतत पाण्यात पडत असतात आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे हे किडे मासे टिपतात. नाकानो आणि मासाशी मुराकामी यांनी होरोनाईत वर्षभर कोणता मासा काय खातो याची नोंद ठेवली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तिथल्या सगळ्या माशांच्या वार्षिक ऊर्जेपैकी 44 टक्के वाटा जमिनीवरच्या किड्यांचा होता. उन्हाळ्यात पाण्यातले कीटक कमी होतात. नेमक्या त्याच काळात झाडे पानांनी भरलेली असतात आणि पडणारे किडे भरपूर असतात, त्यामुळे माशांचे भागते.

गैरसमज 2 : काठावरची झाडे गेली तरी पाणी स्वच्छ असेल तर मासे टिकतात.

वस्तुस्थिती : झाडांकडून येणारे अन्न तोडले तर काय होईल, हे पाहण्यासाठी नाकानोंच्या गटाने ओढ्याच्या काही पट्ट्यांवर हरितगृहासारखी आच्छादने उभारली. पाणी तेच, प्रवाह तोच, फक्त वरून पडणारे किडे अडवलेले. काही पट्ट्यांत मासे ठेवले आणि काहींत ठेवले नाहीत, म्हणजे होणारा बदल माशांमुळे आहे की नुसत्या आच्छादनामुळे, हेही कळणार होते.

या प्रयोगात ओशोरोकोमा हा सॅमनच्या कुळातला स्थानिक मासा होता. वरचे अन्न बंद होताच तो तळाकडे वळला आणि दगडांवरचे शेवाळ खाणारे कीटक वेचू लागला. ते कीटक घटले आणि त्यांच्या तोंडून सुटलेले शेवाळ दगडांवर वाढले. मासे नसलेल्या पट्ट्यांत आच्छादन घालूनही असे घडले नाही. म्हणजे फांदीवरून पडणाऱ्या अळीचा परिणाम माशामार्फत थेट तळाच्या शेवाळापर्यंत पोचत होता. 1999 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे याच गटातल्या अभ्यासकांनी मोठ्या पट्ट्यावर हाच प्रश्न विचारला, तेव्हा आच्छादित भागातले मासेच कमी झाले, कारण ते तो भाग सोडून गेले. पाणी पूर्वीइतकेच स्वच्छ होते. काठाची झाडे तोडणाऱ्याने पाण्याला हात लावला नाही, तरी माशांच्या तोंडचा घास त्याने काढून घेतलेला असतो.

गैरसमज 3 : जंगल ओढ्याला देते, ओढा जंगलाला काही देत नाही.

वस्तुस्थिती : देणेघेणे दोन्ही बाजूंनी चालते. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, चिलटांच्या अनेक जाती अशा कीटकांचे बालपण पाण्याखाली दगडांच्या आडोशाला जाते. पूर्ण वाढ झाली की ते पंख घेऊन बाहेर पडतात आणि काठच्या झाडीत शिरतात. होरोनाईकाठच्या पक्ष्यांच्या वार्षिक ऊर्जेपैकी 25.6 टक्के वाटा पाण्यातून आलेल्या भक्ष्याचा निघाला. त्याची वेळही मोलाची आहे. पानगळीनंतर आणि पालवी फुटण्याआधी जंगलात किडे फार थोडे असतात, त्या टंचाईत ओढ्यातून निघालेले कीटक पक्ष्यांना तगवतात. काठावर जाळी विणणारे कोळी तर या कीटकांवर फार अवलंबून असतात. उन्हाळ्यात जंगल माशांना पोसते आणि झाडे निष्पर्ण असताना ओढा पक्ष्यांना पोसतो. एकाची टंचाई दुसऱ्याच्या सुगीने भरून निघते, म्हणूनच दोघे टिकून राहतात.

गैरसमज 4 : ओढ्यात जास्तीचे मासे सोडले की ओढा समृद्ध होतो.

वस्तुस्थिती : कोणता मासा सोडला, यावर सगळे अवलंबून आहे. मूळ उत्तर अमेरिका आणि पूर्व रशियाच्या पाण्यातला रेनबो ट्राउट 1877 साली जपानमध्ये आणला गेला आणि पुढे होक्काइदोच्या अनेक नद्यांत रुजला. कोल्डन बॅक्स्टर, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे कर्ट फॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होरोनाईच्या काही पट्ट्यांत हा मासा सोडून परिणाम पाहिला. वरून पडणारे किडे रेनबो ट्राउटने बळकावले. ओशोरोकोमाला पुन्हा तळाकडे वळावे लागले, तळाचे कीटक घटले, शेवाळ वाढले आणि पंख घेऊन बाहेर पडणारे कीटक कमी झाले. काठावरच्या कोळ्यांची दाटी 65 टक्क्यांनी खाली आली. 2004 साली हा निबंध प्रसिद्ध झाला. पाण्यात सोडलेल्या एका परक्या माशाने जमिनीवरच्या कोळ्यांची उपासमार केली होती, आणि पाण्यातले मासे मोजून हे नुकसान कधीच कळले नसते.

गैरसमज 5 : छोट्या बंधाऱ्याने पाणी अडते, माशांचे फारसे बिघडत नाही.

वस्तुस्थिती : जपानच्या डोंगरी ओढ्यांवर माती आणि दगडगोटे रोखण्यासाठी अनेक काँक्रीटचे बंधारे बांधले गेले आहेत. त्यांवरून पाणी खाली पडते, पण मासा वर चढू शकत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उरलेल्या थोड्या माशांमध्ये नवी भर पडत नाही आणि एखादा पूर किंवा दुष्काळ त्यांना संपवायला पुरतो. होक्काइदोच्या नैर्ऋत्य भागातल्या अशा तुटलेल्या ओढ्यांची पाहणी झाली, तेव्हा अमेमासु हा स्थानिक मासा सुमारे एक तृतीयांश ठिकाणांहून नाहीसा झालेला आढळला. वरचा ओढा जितका लहान आणि बंधारा जितका जुना, तितका धोका अधिक होता.

गैरसमज 6 : हे जपानचे, आपल्याला त्याचा काय उपयोग?

वस्तुस्थिती : होरोनाईचे आकडे सह्याद्रीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इथे बर्फ नाही, पावसाळा आहे. आपले कितीतरी ओढे उन्हाळ्यात आटतात आणि मासे उरलेल्या डोहांत जीव धरून राहतात. पण उंबर, जांभूळ, करंज यांच्या फांद्यांवरून आपल्या ओढ्यांतही किडे पडतात आणि आपल्या पाण्यातूनही चतुर, चिलटे बाहेर पडतात. आपण मात्र सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ सिमेंटने बांधतो. डास मारायला गप्पी मासे हवे तिथे सोडतो. तिलापिया आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर तळ्यांतून निसटून नद्यांत शिरतात.

ही वाट दाखवणारे नाकानो स्वतः स्नॉर्केल लावून तासन्‌तास थंड पाण्यात पडून राहत आणि कोणता मासा कुठे थांबतो, काय टिपतो, कोणाला हुसकावतो, याचे नकाशे काढत. 27 मार्च 2000 रोजी मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात वादळात नाव उलटली आणि ते बुडाले. वय अवघे 37 होते. त्यांच्याबरोबर ताकुया आबे, मासाहिको हिगाशी, गॅरी पोलिस आणि मायकेल रोझ हे चार अभ्यासकही गेले. वर सांगितलेला रेनबो ट्राउटचा प्रयोग त्यानंतरचा. नाकानोंनी घालून दिलेल्या वाटेनेच तो झाला.

या कामातून निघणारी मागणी साधी आहे. कोणत्याही ओढ्याच्या योजनेत दोन्ही काठांवरच्या स्थानिक झाडांचा पट्टा ओढ्याचाच भाग म्हणून आखला जावा. परका मासा सोडण्याआधी तो कोणाचे अन्न हिरावेल, हे तपासले जावे. बंधारा बांधताना माशांना वर जायला वाट ठेवली जावी. पाण्याच्या तपासणीत काठावरचे कीटक, कोळी आणि पक्षी यांचीही मोजणी व्हावी. गावात ओढ्याचे काम निघेल तेव्हा ग्रामसभेत उभे राहून एवढे चार मुद्दे विचारणे आपल्यापैकी कुणालाही शक्य आहे.