ध्वजदिनाचे पैसे कुठे जातात?

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. तो १९४९ सालापासून पाळतात. त्या दिवशी कागदी झेंडा मिळतो आणि आपण डब्यात पैसे टाकतो. ते जातात कुठे?

लढाईत जवान पडला की बायको-मुले मागे राहतात. कुणाचा पाय जातो, कुणाचा हात. अशा सर्वांच्या मदतीसाठी हा निधी आहे. आपल्याकडे हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते. पेन्शनची किंवा मुलांच्या शिक्षणाची अडचण असली तर तिथे विचारावे.

जवान फक्त सीमेवरच नसतो बरं का! ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. तेव्हा जवानांनी ढिगारे उपसले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे त्यांनी बोटींतून माणसे बाहेर काढली.

पण पूर जवानाच्या स्वतःच्या घरातही शिरतो. तो दूर सीमेवर असतो. लगेच रजा मिळेलच असे नाही. मग घरी म्हातारे आई-वडील आणि लहान मुले. त्यांच्याकडे आधी कोण पोचणार? शेजारीच ना! म्हणून आपल्या आळीत फौजीचे घर असेल तर पावसापाण्यात तिकडे जाऊन विचारावे, “काकू, काही हवंय का?”