सातपुड्याची माणसे, आपल्या फडातली मुले



दिवाळी सरली की कृष्णाकाठचे साखर कारखाने सुरू होतात आणि वाळव्यापासून कऱ्हाडपर्यंत रस्त्याकडेच्या माळांवर उसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बहुतेक टोळ्या बीडकडच्या असतात. परंतु आपण संध्याकाळचा वर्ग चालवतो त्या तळावर गेली काही वर्षे एक टोळी फार लांबून, सातपुड्यातून येते. ही माणसे पावरा आणि भिल्ल समाजाची. तळावर त्यांना कोणी नावाने ओळखत नाही. 'वरची टोळी' एवढीच त्यांची ओळख.

या अंकात त्यांच्याविषयी लिहावे असे संपादकांनी सुचवले. लिहिण्याआधी माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करते, कारण या लेखाचे मूळ तिच्यातच आहे.

पहिल्या वर्षी मी वर्गाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'वर्गात मराठीच बोलावे.' हेतू चांगला होता. मुले लवकर शिकावीत, गावच्या शाळेत दबून राहू नयेत असे वाटत होते. त्या टोळीत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. दीड महिना ती वर्गात एक अक्षर बोलली नाही. हिला समजायला वेळ लागतो, असे मी वहीत लिहून ठेवले. एकदा तिची आई वाढ्यांची मोळी डोक्यावर घेऊन जाताना थांबली आणि म्हणाली, "ताई, पोरगी मुकी नाय. घरी गप बसत नाय ती. तुमच्या इथं तिची बोली चालत नाय ना, म्हणून गप." त्या रात्री मला झोप लागली नाही.

राज्याच्या उत्तर टोकाला

नकाशात महाराष्ट्राच्या अगदी वरच्या टोकाला नंदुरबार जिल्हा दिसतो. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत. रांगा उतरल्या की नर्मदा लागते, आणि तीच तिथे राज्याची सीमा. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तिथले डोंगरी तालुके. अक्राणीचे मुख्य ठिकाण धडगाव. सांगलीहून तिथे पोहोचायला सहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. आपल्या सातारा-सांगलीत हे प्रमाण जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी. म्हणून आदिवासी म्हटले की आपल्यापुढे एखादे चित्र येते, शेजारी येत नाही.

धडगावकडचा पाडा आपल्या गावासारखा दाटीवाटीचा नसतो. प्रत्येक घर आपापल्या शेतात, उतारावर. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर दुसरे घर. भिंती बांबूच्या, वरून मातीने लिंपलेल्या. शेतात ज्वारी, मका, भगर, उडीद आणि तूर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायची. उन्हाळ्यात कैऱ्या चिरून वाळवायच्या. धडगाव आणि मोलगीच्या बाजारात जो आमचूर विकला जातो तो असा घराघरांतून येतो.

घर बांधायचे असो वा पेरणी-निंदणी, त्यासाठी 'लाह' असते. लाह म्हणजे पाड्यातील सर्वांनी मिळून एकाचे काम उरकायचे. मजुरी नाही, त्या दिवशीचे जेवण त्या घरचे. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. आपल्याकडे इर्जिक होती तशीच ही रीत. आपली बहुतेक गेली, त्यांची अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

लग्नात मुलीचा बाप हुंडा देत नाही. मुलाकडून मुलीच्या बापाला 'देज' द्यावे लागते आणि पंच बसून ते ठरवतात. आता देजाच्या रकमा वाढल्या आहेत, त्यापायी काही घरे कर्जातही जातात, हे खरे. तरीही मुलगी झाली म्हणून तिथे बापाचा चेहरा उतरत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये आडून हुंडा चालतो, तिथे हे शांतपणे ऐकण्यासारखे आहे.

देवमोगरा आणि होळी

त्यांची मोठी देवी याहामोगी. तिचे स्थान देवमोगरा, सीमेपलीकडे गुजरातमध्ये. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. बांबूच्या नव्या टोपलीत घरचे धान्य घेऊन लोक डोंगर चालत जातात. मोठा दुष्काळ पडला तेव्हा याहामोगीने आपल्या कोठारातले धान्य देऊन सर्वांना जगवले, अशी कथा आहे.

वर्षाचा सर्वांत मोठा सण होळी. आधीच्या आठवड्यात 'भोंगऱ्या' बाजार भरतात, दूरदूरचे नातेवाईक तिथे भेटतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध. एक लांब, सरळ बांबू निवडून आणतात, हातांनीच खड्डा खणून तो उभा करतात आणि रात्रभर ढोल-नाच झाल्यावर पहाटे होळी पेटवतात. 'बुध्या' झालेले पुरुष अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधतात. नवस फेडणारा त्या दिवसांत व्रत पाळतो. खाटेवर झोपत नाही, पायात घालत नाही, ब्रह्मचर्य पाळतो. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त नाच दिसतो, पण त्यामागे अनेक दिवसांचा संयम असतो.

या विधींत मोहाच्या दारूलाही स्थान आहे आणि तिने घरे उद्ध्वस्त होतात हेही मी पाहिले आहे. परंतु दारू सोडा असे त्यांना प्रथम आपणच सांगितले, असा गैरसमज नको. तळोदा भागात गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात 'आप' चळवळ उभी केली आणि हजारो आदिवासींनी त्यांचे ऐकून दारू सोडली. सुधारणेचा आवाज त्यांच्या आतूनही उठत आला आहे.

आजचे दिवस

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातील ३३ गावे बुडितात आली. त्यांतील मणिबेली हे नाव आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. पाटण-जावळीकडच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांची नातवंडे आपल्या मंडळ्यांच्या शेजारीच राहतात. नर्मदाकाठच्या लोकांनी आंदोलनाच्या काळात स्वतःच्या 'जीवनशाळा' सुरू केल्या. तिथे मुलांना आधी त्यांच्याच बोलीत शिकवले जाते आणि तिच्या आधाराने मराठी.

जमिनीचा प्रश्न त्याहून जुना. १९७२ साली शहाद्यात अंबरसिंग महाराजांबरोबर श्रमिक संघटना उभी राहिली, ती भिल्लांच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठीच. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य केला. मर्यादा ४ हेक्टर. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. तो विकता येत नाही, वारसांकडे जातो. पण दावा करायचा तर ग्रामसभा, पुरावे, मोजणी यांसाठी गावात हजर राहावे लागते. जे कुटुंब निम्मे वर्ष उसाच्या फडात असते, त्याचा कागद मागे पडतो.

आणि फडात यावे तर लागतेच. डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेतीचे धान्य वर्षभर पुरत नाही. लग्न किंवा आजारपण निघाले की मुकादमाकडून उचल घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या भागातले पुष्कळ लोक गुजरातला जातात, काही आपल्याकडे येतात. उचल फिटेपर्यंत टोळीला परतता येत नाही. ज्या वर्षी गाळप लांबते, त्या वर्षी होळी कोपीतच जाते. मागे एका होळीला तळावरचे ढोल ऐकून शेजारच्या वस्तीवरच्या कोणीतरी तक्रार केली. सणाला घरी जाता न आलेली ती माणसे माळावर दोन तास नाचली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

२०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्के होती, नंदुरबारची ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. याचे कारण आळस नव्हे. मूल सहाव्या वर्षी शाळेत जाते आणि तिथली भाषा त्याने घरी कधी ऐकलेलीच नसते. त्यात निम्मे वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात. ते गप्प बसते. मग माझ्यासारखी कोणीतरी वहीत लिहून ठेवते, 'हिला समजायला वेळ लागतो.'

पृथ्वीच्या उत्तर टोकाकडून एक धडा

मी धर्मशास्त्राची पदविका घेतली तेव्हा मिशनच्या इतिहासात हे प्रकरण आम्हांला शिकवले नव्हते. त्या मुलीच्या आईचे बोलणे ऐकल्यावर मी शोधून वाचू लागले आणि जगाच्या अगदी उत्तरेकडे जाऊन पोहोचले.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर भागात सामी लोक राहतात. आपल्या माणदेशातले धनगर मेंढरांमागे फिरतात, तसे त्यांच्यातील काही जण ऋतूप्रमाणे रेनडिअरचे कळप घेऊन फिरत आले. सतराव्या-अठराव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांचे पूजेचे ढोल जमा करून जाळले. 'योइक' हे त्यांचे गाणे पाप ठरवले गेले. पुढे शाळांमधून त्यांच्या भाषेला बंदी झाली.

कॅनडात याहून भयंकर घडले. शंभरांहून अधिक वर्षे सरकारने पैसा दिला आणि मंडळ्यांनी निवासी शाळा चालवल्या. इनुइट आणि इतर मूळनिवासी समाजांची सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून तिथे ठेवली गेली. आपली भाषा बोलले तर शिक्षा. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडले.

बंधुभगिनींनो, त्या शाळांच्या भिंतींवर क्रूस होता. पुष्कळ शिक्षकांना आपण चांगलेच करत आहोत असे वाटत होते. मला सर्वांत जास्त टोचले ते हेच.

पुढे पश्चात्तापही झाला. कॅनडाच्या अँग्लिकन मंडळीने १९९३ मध्ये माफी मागितली. स्वीडनच्या मंडळीने नोव्हेंबर २०२१ मध्ये उप्साला येथील कॅथीड्रलमध्ये सामी लोकांची जाहीर क्षमा मागितली. दरम्यान ते लोकही उभे राहिले होते. नॉर्वेत आल्ता नदीवरील धरणाला सामींनी विरोध केला. धरण थांबले नाही, पण त्या लढ्यातून त्यांच्या हक्कांचा प्रश्न पुढे आला आणि १९८९ मध्ये त्यांची स्वतःची संसद सुरू झाली. १९९९ मध्ये कॅनडात इनुइट बहुसंख्य असलेला नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. आज ते मोबाइल वापरतात, बर्फावर मोटारी चालवतात, विद्यापीठांत शिकतात आणि आपली भाषा मुलांना पुन्हा शिकवतात. आधुनिक होण्यासाठी भाषा सोडावी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आपण काय करतो आहोत

आपल्याला हे परके वाटू नये. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्यांना आधी एक भाषा शिका असे कोणी सांगितले नाही, प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले. पुढे प्रेषितांनी सभा घेऊन ठरवले की परराष्ट्रीयांनी प्रभूकडे येण्यासाठी आधी यहूदी होण्याची गरज नाही. आणि आपल्या घरचेच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहिले. पाश्चात्त्य चालींवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग आणि कीर्तन दिले. आपल्या बोलीत, आपल्या चालीत देवाला हाक मारण्याचा आनंद आपण शंभर वर्षे घेत आहोत. तो पावऱ्यांच्या लेकरांना नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

फळ्यावरचे ते वाक्य मी पुसले. आता वर्गाचा पहिला अर्धा तास मुलांच्या बोलीचा असतो. टोळीतलीच एक बारावी झालेली सून तो घेते आणि तिला आपण मानधन देतो. मुले झाडांची, धान्यांची, पक्ष्यांची नावे पावरीत सांगतात, ती फळ्यावर देवनागरीत लिहिली जातात आणि शेजारी मराठी शब्द. न बोलणाऱ्या त्या मुलीने पहिल्याच दिवशी बावीस झाडांची नावे सांगितली. त्यांतली निम्मी झाडे मी पाहिलेलीही नाहीत. त्या हंगामाच्या शेवटी ती मराठी धडा अडखळत का होईना, पण मोठ्याने वाचू लागली.

वर्गात येण्यासाठी प्रार्थनेला बसण्याची अट नाही. कोणी विचारले तर आम्ही आमची साक्ष सांगतो. लेकराच्या पाटीच्या बदल्यात त्याच्या घरचा देव मागत नाही.

येत्या हंगामासाठी तीन विनंत्या आहेत. जुने कपडे पाठवण्याआधी विचारावे, आजवर आलेल्यांतले बरेच कपडे फडात घालण्याजोगे नव्हते. आणखी दोन तळांवर त्यांच्याच बोलीतल्या शिक्षिका नेमण्यासाठी अर्पण हवे आहे. आणि महिला मंडळांनी, तरुण संघांनी एकदा तरी संध्याकाळी तळावर यावे. काही वाटायला नव्हे, त्यांच्या कोपीपुढे बसून चहा प्यायला.

प्रार्थनेचे विषय

फडात काम करणाऱ्या गरोदर बहिणी. वनपट्ट्याचे दावे अडकलेली कुटुंबे. हंगाम संपल्यावर गावच्या शाळेत परत बसणारी मुले. आणि आपण स्वतः, ऐकण्याआधी शिकवायला धावणारे.

यंदा होळीपूर्वी टोळी सुटावी, अशीही प्रार्थना करा. त्या मुलीला घरची होळी पाहायची आहे.