जीवनसत्त्वाच्या गोळ्या व रक्तांतील चरबी

हृदयविकार हा शहरवासीयांचा रोग, ही समजूत आतां खेड्यांतही उरली नाहीं. तालुक्याच्या गांवीं रक्ततपासणी होते, आणि कोलेस्टेरॉल हा शब्द पारावरही ऐकूं येतो. त्याच्याच मागोमाग 'अँटिऑक्सिडंट' नांवाच्या गोळ्यांच्या बाटल्या घरांत शिरल्या आहेत. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदार गृहस्थांनीं डॉक्टरांची अल्प किंमतीची गोळी बंद करून तिच्या कित्येक पट दामाची अशी बाटली सुरू केली आहे. तें औषध नव्हे, नैसर्गिक आहे, असें त्यांचें म्हणणें. हा सौदा कसा काय आहे, त्याचा हिशेब येथें मांडण्याचें योजिलें आहे.

या गोळ्यांमागील कल्पना मुळांत टाकाऊ नव्हती. करडईचें किंवा जवसाचें तेल उघडें राहिलें म्हणजे हवेंतील प्राणवायूच्या योगानें खवट होतें, हें वाचकांस सांगावयास नको. रक्तांत चरबी वाहून नेणारे सूक्ष्म कण असतात. त्यांपैकीं एलडीएल नांवाचे कण रक्तवाहिनीच्या भिंतींत शिरून असेच प्राणवायूनें बिघडतात व तेथें थर सांचूं लागतो, असें प्रतिपादन अमेरिकेंतील डॅनियल स्टाइनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं केलें. बियांतील तेलाचें रक्षण ई जीवनसत्त्व करतें. मग तेंच माणसास कां देऊं नये, असा तर्क निघाला. परंतु कणांचा बिघाड थांबविणें ही एक बाब व रक्तांतील त्यांचें प्रमाण घटविणें ही दुसरी. विकणारे या दोहोंची सरमिसळ करितात.

तर्काची परीक्षा प्रयोगानें व्हावयाची. महसूल खात्यांत असतां आम्हीं पाहिलें आहे कीं, नजरअंदाजानें आणेवारी ठरविली म्हणजे रस्त्याकडेच्या चार शेतांवरून साऱ्या गांवाचें अनुमान निघतें. म्हणून पीककापणीचा तुकडा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावा लागतो. ही पद्धति इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रांत रोनाल्ड फिशर यांनीं शास्त्रशुद्ध केली. वैद्यकानें ती आपल्या शेतीकडूनच उचलली आहे.

याच रीतीनें ब्रिटनमध्यें ४० ते ८० वर्षे वयाच्या २०,५३६ जोखमीच्या माणसांवर सुमारें पांच वर्षे प्रयोग झाला. अर्ध्या लोकांस रोज ई जीवनसत्त्व ६०० मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व २५० मिलिग्रॅम व बीटा-कॅरोटीन २० मिलिग्रॅम दिलें. उरलेल्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी. रक्तांतील ई जीवनसत्त्व जवळजवळ दुप्पट झालें, म्हणजे गोळी अंगीं लागली होती. तरीही २००२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तो असा कीं, एलडीएल व ट्रायग्लिसराइड हीं घटलीं तर नाहींतच, उलट किंचित् वाढलीं. जीवनसत्त्वें घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १४.१ व न घेणाऱ्यांपैकीं १३.५ मृत्यु पावले. हा फरक योगायोगाच्या कक्षेंतला आहे. त्याच लोकांपैकीं अर्ध्यांस चिठ्ठीनेंच सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम दिलें होतें. त्यांच्यांत मृत्यु शेंकडा १२.९, इतरांत १४.७. आमचे स्नेही जी गोळी टाकून बसले ती याच जातीची. आणि नैसर्गिकच हवें असेल तर या जातीचें पहिलें द्रव्य जपानांतील अकिरा एंदो या शेतकऱ्याच्या मुलानें १९७३ सालीं बुरशींतूनच काढलें!

दुसरा प्रयोग लहान, पण विचार करावयास लावणारा. सिॲटल येथील ग्रेग ब्राउन व सहकारी यांनीं तो १६० हृदयरोग्यांवर तीन वर्षे केला व २००१ सालीं प्रसिद्ध केला. सिम्व्हास्टॅटिन व नायसिन घेणाऱ्यांचें एचडीएल, म्हणजे ज्यास लोक चांगलें कोलेस्टेरॉल म्हणतात तें, शेंकडा २६ नें वाढलें. सोबत अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांचें १८ नेंच. मोठ्या ब्रिटिश प्रयोगांत सिम्व्हास्टॅटिनचा गुण असा उणावलेला आढळला नाहीं, हें न्यायाकरितां नमूद करणें अवश्य आहे. शिवाय पुढें २०११ व २०१४ सालच्या मोठ्या प्रयोगांत स्टॅटिनच्या जोडीस दिलेलें नायसिनच निरुपयोगी ठरलें. एचडीएलचा आंकडा चढला म्हणून हृदय वांचतेंच असें नाहीं.

विडी ओढणाऱ्यांस एक स्वतंत्र इशारा. फिनलंडांतील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील प्रयोगांत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांस फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें अधिक झाला. हें १९९४ सालीं उघड झालें. गाजरें व पालेभाज्या यांस हा दोष लागू नाहीं. त्या खुशाल खाव्या. प्रयोग गोळ्यांचा होता, भाजीचा नव्हे.

ज्यांस डॉक्टरांनीं स्टॅटिन दिलें आहे त्यांनीं तें आपल्या मतानें सोडूं नये. अंग दुखत असेल तर डॉक्टरांस तसें सांगावें, मात्रा बदलतां येते. गोळी सुरू झाल्यावर चार ते बारा आठवड्यांनीं रक्त पुन्हां तपासावें. तपासणीचे कागद तारीखवार एका दप्तरांत ठेवावे, आणि डॉक्टरांकडे जातांना घरांत चालू असलेल्या साऱ्या बाटल्या, जीवनसत्त्वाच्या धरून, पिशवींत घालून सोबत न्याव्या.