मोटारीचें चाक काढतांना घ्यावयाची खबरदारी

चाक बदलणें कठीण नाहीं; धोका आहे तो जॅक निसटण्याचा. म्हणून गाडी सपाट व टणक जागीं उभी करून हातब्रेक ओढावा आणि तिरप्या समोरच्या चाकास पुढून-मागून दगड लावावे. काळ्या ओल्या जमिनींत जॅक रुतून कलतो. तेथें त्याखालीं जाड फळी घालावी. नट गाडी उचलण्यापूर्वींच अर्धा फेरा सैल करावे. अधांतरीं चाक पान्याबरोबर फिरतें व गाडीस हिसका बसतो. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं शिरणें तर वेडेपणाच होय. बसवितांना चाकाची बैठक पुसावी, नट प्रथम हातानें फिरवावे व गाडी उतरविल्यावर समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे. नटांस तेल देण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. त्यानें ते प्रमाणाबाहेर आवळले जातात. ५० ते १०० किलोमीटर चाल झाल्यावर ते पुन्हां तपासावे.