काटा, हजेरी आणि जोडीदार

नव्या वर्षाचे पहिले आठ दिवस कमाटीबागेत सकाळी चालावयास गेले, तर नेहमीच्या मंडळींखेरीज कितीतरी नवे चेहरे दिसतात. कुठे एकाच सोसायटीतील पंधरा-वीस शेजारी असतात, कुठे कचेरीतील सहकारी, तर कुठे भिशीच्या मैत्रिणी. सर्वांनी मिळून वजन घटविण्याचे ‘चॅलेंज’ घेतलेले असते. नियमही बहुधा ठरलेलेच. मुदत नव्वद दिवसांची, प्रत्येकाने पाचशे रुपये काढावयाचे, दर रविवारी काट्यावर उभे राहून आकड्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर टाकावयाचे आणि अखेरीस ज्याचे वजन सर्वांत जास्त उतरेल त्याने जमलेली रक्कम घेऊन जावयाची.

पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात उत्तरायण येते. आपल्या बडोद्यात त्या दोन दिवसांत गच्चीवर पतंगाइतकेच महत्त्व उंधियूला आणि जिलबीला असते, आणि मराठी घर असेल तर तिळगूळ व गुळाची पोळी आहेच. तिसऱ्या आठवड्यात पंधरांतील आठजण उरतात. फेब्रुवारीत चौघे. ज्याला बक्षीस मिळण्याची आशा आहे तो तेवढा नेटाने चालत राहतो आणि ज्याला व्यायामाची खरी गरज होती तो केव्हा गळाला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याचे उत्तर आपण झटकन देतो: लोक आळशी, दुसरे काय! परंतु जो मनुष्य थंडीत सहा वाजता उठून चौदा दिवस चालला त्याला पंधराव्या दिवशीच आळस कसा आला? दोष त्याच्या मनापेक्षा पुष्कळदा उपक्रमाच्या रचनेतच असतो. ज्या गोष्टीचा हिशेब ठेवावयास नको तिचा आपण ठेवतो आणि जिचा ठेवावयास हवा ती कोणी लिहूनही घेत नाही.

काट्याची लहर

पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो वजन उतरते आणि मंडळी हरखून जातात. ही घट मुख्यतः पाण्याची असते. आपल्या यकृतात व स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी साठलेले असते. खाणे कमी झाले की प्रथम हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जाते. चरबी सावकाश जाते. एक किलो चरबीत ७,००० हून अधिक उष्मांक साठलेले असतात, आणि तासभर झपझप चालून खर्च होतात ते अडीचशेच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या समोशाइतके. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात काटा अडला, तर त्यात नवल कसले?

शिवाय काटा दररोज खालीवर होतो. रात्री खारट खाल्ले तर सकाळी तो वर जातो. स्त्रियांच्या बाबतीत महिन्याच्या ठरावीक दिवसांत शरीर पाणी धरून ठेवते. ज्याचे मूळ वजन अधिक त्याचे आरंभी भराभर उतरते आणि पुरुषांचे बहुधा बायकांहून लवकर उतरते. अशा स्थितीत सत्तावीस वर्षांचा शंभर किलोचा तरुण आणि पन्नाशीतील सत्तर किलोची गृहिणी यांना एका तक्त्यात बसवून दर रविवारी पहिला-दुसरा क्रमांक लावणे म्हणजे बैल आणि घोडा एका गाडीला जुंपण्यासारखे आहे. ती बाई महिनाभर एकही दिवस न चुकता चालली, गोड सोडले आणि तरी तक्त्यात तिचा क्रमांक शेवटचा. पाचव्या रविवारी ती आली नाही, तर तिला दोष कसा द्यावा? प्रयत्न तिचे होते. काटा तिच्या हातात नव्हता.

आखाड्याची रीत

संघाने व्यायाम करण्याची विद्या बडोद्याला परकी नाही. कमाटीबागेतील संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ साली येथे उचलली म्हणून सांगतात ती भली मोठी शिळा आहे. लोक तिच्याकडे बघून तोंडात बोट घालतात. परंतु ती शिळा उचलण्यापूर्वी जे हजारो जोर आणि बैठका रोज निमूटपणे काढल्या गेल्या, त्या कोणत्याही संग्रहालयात ठेवता येत नाहीत.

त्या रोजच्या मेहनतीची जागा म्हणजे आखाडा. मुसलमान उस्ताद जुम्मादादा यांच्या नावाचे व्यायाममंदिर आपल्या शहरात आहे आणि ते नावारूपास आणणारे त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांचे नाव जुन्या घरांतून अद्याप आदराने घेतले जाते. माणिकरावांनी एकट्या पैलवानाची मेहनत पुष्कळांना एकत्र करता येईल अशी संघव्यायामाची पद्धत बसविली आणि तिचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत दिले. पुढे लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याचपाशी धडे घेतले होते. याच शहरात द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड संपादिले.

आखाड्यात नवा मुलगा आला म्हणजे पहिल्याच दिवशी कोणी त्याला काट्यावर उभे करीत नाही. त्याने रोज वेळेवर यावे, हौद्यातील माती इतरांबरोबर खणावी आणि सांगितलेले जोर काढावेत एवढीच अपेक्षा. जोर काढताना आकडे मोठ्याने मोजले जातात, म्हणजे थकलेल्यालाही आणखी दोन काढण्याचे बळ येते. कुस्तीला जोड लावताना उस्ताद बघतो की, जोडीदार किंचित सरस असावा, फार वरचढ नसावा. आणि मुलगा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोणीतरी विचारावयास जातो: “काय रे, बरं नाही का?” रोजची हजेरी, जवळची जोड आणि गैरहजराची चौकशी या तीन गोष्टींवर आखाडा पिढ्यानपिढ्या चालला. आजच्या पुष्कळ चॅलेंजांतून नेमक्या याच गोष्टी वगळल्या जातात.

दोरखंड आणि वल्हेकरी

उस्तादाला अनुभवाने जे ठाऊक होते ते शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. रिंगलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोरखंड ओढावयास लावून प्रत्येकाचे बळ मोजले आणि त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकटा मनुष्य जितके बळ लावतो त्याच्या मानाने दोघे असता प्रत्येकी ९३ टक्के, तिघे असता ८५ टक्के आणि आठजण असता जेमतेम निम्मे बळ लागते, असे त्याला आढळले. त्यात थोडा भाग ओढण्याचा मेळ न बसण्याचा, तर थोडा ‘इतर ओढताहेत ना’ या वृत्तीचा. पुढील संशोधकांना असेही दिसले की, प्रत्येकाचे काम वेगळे नजरेस येत असेल तर ही वृत्ती पुष्कळ कमी होते.

दुसरा प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ कोलर याचा, १९२६ सालचा. त्याने बर्लिनच्या वल्हेकऱ्यांना प्रथम एकेकट्याने आणि मग दोघांनी मिळून वजन उचलत राहावयास सांगितले. दोघांपैकी एक थकला की काम थांबणार, अशी ती रचना होती. तेव्हा दोघांतील दुर्बळ गडी एकट्याने टिकला असता त्याहून अधिक टिकला. मात्र दोघांच्या शक्तीत मध्यम फरक असेल तेव्हाच हा गुण सर्वांत जास्त दिसला. फरक फार मोठा असेल तर दुर्बळाने आशाच सोडली आणि मुळीच नसेल तर जोरही चढला नाही. उस्ताद जोड लावताना दुसरे काय पाहतो?

तर मग काय करावे?

पहिली गोष्ट, वीसजणांचा एक गट करू नये. त्यांत चार-चार, पाच-पाच जणांच्या तुकड्या पाडाव्यात आणि वय, प्रकृती व चालण्याचा वेग पाहून जवळजवळची माणसे एकत्र घालावीत. चौघांत एकजण आला नाही तर लगेच दिसते. वीसांत दिसत नाही.

दुसरी गोष्ट, तक्ता हजेरीचा ठेवावा. आज किती मिनिटे चाललो, रात्रीचे जेवण ठरल्या वेळी झाले की नाही, एवढ्याच खुणा कराव्यात. या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. वजन पंधरा दिवसांतून एकदा घ्यावे आणि ते ज्याचे त्याच्यापाशी ठेवावे. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. भारतीय पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. काटा अडलेला असतानाही पुष्कळदा घेर उतरत असतो.

तिसरी गोष्ट चुकलेल्या दिवसाची. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ स्वयंसेवकांवर केलेली एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. नवी सवय अंगवळणी पडावयास सरासरी ६६ दिवस लागतात, असे तीत आढळले. मात्र कोणाला १८ पुरे झाले, तर कोणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय जडते’ या बोलण्यावर विसंबून तिसऱ्या आठवड्यात निराश होण्याचे कारण नाही. त्याच पाहणीत असेही दिसले की, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून संक्रांत, होळी, घरचे लग्न हे दिवस आधीच तक्त्यात मांडून ठेवावेत. त्या दिवशी सुखाने गुळाची पोळी खावी, दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी बागेत यावे. सण बुडवून व्रत होत नाही. मोडते ते सणानंतरच्या आठ दिवसांत.

चौथी गोष्ट बक्षिसाची. सर्वांत अधिक वजन घटविणाऱ्यास पैसे द्यावयाचे ठरविले की, शेवटच्या आठवड्यात माणसे उपाशी राहतात, पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि बक्षीस घेऊन घरी गेल्यावर महिन्याभरात वजन परत मिळवितात. त्यापेक्षा ज्या तुकडीतील चारही माणसे अखेरपर्यंत टिकली, तिचा सत्कार करावा. मग पुढचा मागच्याला सोडून पळणार नाही. ज्यांना मधुमेहाची औषधे किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे वेगळे सांगावयास नकोच.

आणि पाचवी गोष्ट, थट्टेची. “काकू, अजून तेवढ्याच!” हा शब्द बोलणारा हसून विसरतो, पण ऐकणारी काकू दुसऱ्या दिवशी येत नाही. गरब्याच्या नऊ रात्री आठवून पाहा. एरवी जिना चढताना दम लागणारी माणसे तासन् तास फेर धरतात. तेथे कोणाचे वजन कोणी विचारीत नाही, ताल चुकला तर शेजारी हाताने दाखवितो आणि थकलेला क्षणभर बाजूस होऊन पुन्हा फेरात शिरतो. परत शिरावयास वाट असणे ही त्या फेराची खरी शक्ती आहे.

नव्वदाव्या दिवसानंतर

किती वजन उतरले म्हणजे पुरे? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ माणसांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तीतील एका गटास वजन सात टक्क्यांनी उतरविणे आणि आठवड्यास १५० मिनिटे झपझप चालणे एवढेच उद्दिष्ट दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. एवढ्याने तो छायाचित्रातल्यासारखा सडपातळ दिसणार नाही, तक्त्यात पहिलाही येणार नाही. परंतु ज्या घरात आजोबांना आणि वडिलांना मधुमेह होता त्या घरात या साडेपाच किलोंची किंमत जमलेल्या सर्व पाचशे रुपयांहून अधिक आहे, आणि ते उतरलेले टिकविले तरच तिचा उपयोग.

टिकविण्याचा धडा औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्याकडून घ्यावा. १८९७ साली त्यांनी सँडोची उपकरणे व पुस्तके आणवून दहा वर्षे तो व्यायाम केला. १९०८ पासून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग ते कधी सुटले नाहीत. उपकरण नको, जागा एका सतरंजीची, आणि राणीसाहेबांसह घरची मंडळीही नमस्कार घालणारी. पुढे संस्थानातील शाळांतही नमस्कार सुरू झाले. १९३६ साली वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते इंग्लंडला गेले, तेव्हा या राजाच्या प्रकृतीचे तेथील वृत्तपत्रांनाही कुतूहल वाटले. त्यांच्या नमस्कारांना मुदत नव्हती, म्हणून त्यात हरणे-जिंकणेही नव्हते.

यंदा आपल्या सोसायटीत असा उपक्रम निघाला, तर पाचशे रुपये जमा करण्यापूर्वी एक साधी यादी करावी: कोण कोणाला सकाळी हाक मारणार, आणि दोन दिवस कोणी दिसले नाही तर त्याच्या दारी कोण जाणार. एवढे ठरले की नव्वदावा दिवस गाठणे सोपे होते. आणि एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी सहा वाजता जी चार माणसे बागेच्या फाटकाशी पुन्हा भेटतील, त्यांचेच चॅलेंज खऱ्या अर्थाने पार पडले असे म्हणता येईल.